हुशार लेकरांचा शनिवार

धामणदरी, ता. सेनगाव
१ जुलै २००१

दादा,
जयभीम.

कामापुरतं लिहिते आहे, तेव्हा पाकीट न फोडता ठेवून देऊ नको. माय गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी पत्रांवर पत्रं टाकली, तुझ्याकडून एक चिटोरं आलं नाही. तू भांडलास बांशी. माझा काय गुन्हा? पण जाऊ दे, भांडायला हे पत्र नाही.

काम असं आहे. यंदापासून आमच्या शाळेत दर शनिवारी हुशार लेकरांचा वेगळा वर्ग भरणार आहे. पाचवी ते सातवी. आसपासच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलं निवडायची, शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्यांनी धामणदरीला यायचं आणि दुपारभर बसायचं. कागदावर नाव ‘प्रज्ञावर्ग’. पोरं म्हणतात शनवारचा वर्ग. पुढचे धडे आधी उरकायचे नाहीत, स्कॉलरशिपची घोकंपट्टी नाही. डोक्याला खाद्य द्यायचं, बस. आता हे खाद्य कुठून आणायचं ते कोणी सांगितलं नाही. एक परिपत्रक आलं आणि दोन खोके खडू आले.

आमचे मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, हुशार पोरं आपोआप शिकतात. तुमी मागं पडलेल्यांचं बघा.” मी म्हणलं, “सर, आपोआप तर गाजरगवत उगवतं.” दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी. वर्ग माझ्या गळ्यात पडला असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे मी तो मागून घेतला. काहून, ते आज विचारू नको.

तर मला कोडी धाड. गणिताची, नकाशांची, घड्याळाची, कसलीही. तू एवढा मोठा इंजिनिअर, विशाखापट्टणमला पुस्तकांची दुकानं असतीलच. पैसे मी देणार नाही, बहीण आहे मी.

बा बरे आहेत. गुडघे धरतात. तुझं नाव काढत नाहीत. पण पोस्टमन दिसला की ओट्यावरून उठून उभे राहतात. मी आपलं दिसलं ते लिहिलं.

सरिता

*

धामणदरी
१२ ऑगस्ट २००१

दादा,
जयभीम.

पार्सल मिळालं. पुस्तकंच पुस्तकं, पत्र नाही. मी एकेक पुस्तक उलटं धरून झटकलं, तर बसचं तिकीटसुद्धा पडलं नाही. धन्य आहे तुझी! पण पुस्तकं फार नामी आहेत. इंग्रजीतली आहेत, म्हणून रोज शब्दकोश घेऊन बसते. बांनी सगळ्यांना कव्हरं घातली. कुणी धाडली म्हणून विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आपल्या घरात न बोलण्याचं काम फार झकास चालतं.

निवड झाली. त्यातली एक गंमत सांगते, ऐक.

मोहिनी म्हणून पाचवीतली पोरगी आहे. मसाजी हटकराची. मेंढरं-शेळ्या राखणारं घर. लेखी परीक्षेत तिनं असे काही जबाब लिहिले की मी पुन्हा पुन्हा वाचले. मग तोंडी. तोंडी घ्यायला केंद्रप्रमुख राठोड साहेब आले होते. मी मुद्दाम पोरांच्या घरचं गणित काढलं. म्हणलं, रेल्वे आणि नळाची गणितं यांना परकी वाटतील. तर गणित असं: कोंबड्या आणि शेळ्या एका ठिकाणी आहेत, डोकी वीस आणि पाय छप्पन्न, तर कोंबड्या किती, शेळ्या किती?

मोहिनीनं डोळे मिटले. उघडले. म्हणाली, “कोंबड्या बारा.”

“शाबास. अन् शेळ्या?” साहेब म्हणाले.

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

“अगं, शेळ्या किती?”

“शेळ्याचं मी न्हाई सांगत.”

“म्हणजे? येत न्हाई का?”

“येते. सांगत न्हाई.”

पोरं फिदीफिदी हसली. साहेबांना वाटलं, उद्धट आहे. त्यांनी तिच्या नावावर काट मारली. मीही तिच्यावर डाफरले, म्हणलं, एवढं चांगलं आलं होतं, शेवटी काय आडमुठेपणा केलास! ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

मग पुसेगावच्या बाजारात तिचा बाप भेटला. मी तक्रार सांगायला गेले, तर त्यानंच कपाळाला हात लावला. “बाई, तुमी लेकराला शेळ्या मोजाय लावल्या? आमच्या घरात जित्राबाचा आकडा तोंडातून काढत न्हाईत. नजर लागते. कळपात एखादं कमी असलं तर चेहऱ्यावरून कळतेच की आमाला, आकडा काहून पायजे?”

मी म्हणलं, “अहो मसाजीभाऊ, त्या शेळ्या कागदावरच्या होत्या.”

“कागदावरच्या का असंना. तोंडाला सवय वाईट.”

मला हसू आवरेना, आणि लाजही वाटली. एवढी घरचं गणित काढायला गेले आणि नेमकं तेच काढलं जे तिनं सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी राठोड साहेबांना गाठलं. ते स्वतः तांड्यावरचे. त्यांनी ऐकलं आणि असे हसले की बशीतला चहा सांडला. “अहो बाई, विसातून बारा काढले की काय उरते? पोरीनं हिशेब तर पुरा केला! घ्या तिला. पण पुढच्या टायमाला आंबे-पेरू घालत जा गणितात.”

तर मोहिनी वर्गात आहे. आता तरी चार ओळी लिही.

सरिता

*

धामणदरी
१४ ऑक्टोबर २००१

दादा,
जयभीम.

आज गंमत नाही. आज मला तुझ्याकडून एक उत्तर पाहिजे, आणि ते दुसरं कोणी देऊ शकत नाही.

आधी वर्गाचं सांगते. पहिले काही शनिवार बाकीची पोरं खिडक्यांना लटकून बघायची. मी दार उघडं ठेवलं. म्हणलं, ज्याला बसायचं त्यानं बसा, निवडलेला असो की नसो. काही टिकली, काही कंटाळून गेली. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. तुझ्या पुस्तकातलं ते सावलीवरून उंची काढायचं घेतलं होतं. शाळेसमोरच्या पाण्याच्या टाकीची सावली मोजली, मग वर्गात येऊन फळ्यावर आकडे मांडले, मग बाहेर जाऊन काठीची सावली मोजायला निघाले. मोहिनी दारातच आडवी. “बाई, तुमचं चुकलं. तुमी फळ्यावर लिहून राहिलात तवर सावली सरकली की. दोन्ही एकदमच मोजाय पायजे.” कडेवर तिचा धाकटा भाऊ प्रभू, त्याच्या नाकाला शेंबूड, आणि ही मला शिकवून राहिली! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. दर शनिवारी ती एकदा तरी म्हणते, “बाई, तुमचं चुकलं.” मी वाटच बघते.

आता मूळ गोष्ट. मसाजीचं घर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पैनगंगेपलीकडं जातं, ते पार मृगाच्या तोंडावर माघारी येतं. इतकी वर्षं मोहिनी आजीपाशी गावात राहत होती, म्हणून शाळा झाली. पोळ्याच्या आगेमागे ती आजी गेली. आता मसाजी म्हणतो, “कोणापाशी ठेवू, बाई? पोरीची जात.” म्हणजे दिवाळीनंतर शाळा बंद. वर्गही बंद. एकदा कळपामागं गेली की दोन वर्षांत लग्नाचं बोलणं सुरू होईल. ती बुद्धी अशीच जाईल.

मी बोलून बसले, “माझ्यापाशी ठेवा.” मसाजी म्हणाला, विचार करतो. तिची आई सुभद्राबाई उठून शेळ्यांकडं गेली.

दादा, तू दहा वर्षांचा होतास. गुरुजींनी बांना सांगितलं, पोरगं हुशार आहे, इथं वाया जाईल, आणि बांनी तुला त्या लांबच्या वसतिगृहाच्या शाळेत नेऊन घातलं. मी पाच वर्षांची होते. तू गेल्यावर मी तुझ्या जागेवर झोपले आणि मला फार बरं वाटलं, हे तुला आज सांगते. मग तू सुट्टीत यायचास आणि मला तुझ्याशी कसं बोलावं कळायचं नाही. तू शुद्ध बोलायचास. मला वाटायचं पाहुणे आलेत.

हा वर्ग मी काहून मागून घेतला ते आता ऐक. हुशार आहे म्हणून लेकराला घर सोडावं लागू नये, एवढ्यासाठी. तुझ्या वेळी गावच्या शाळेत असा एक शनिवार जरी असता, तरी तू रोज संध्याकाळी मायच्या हातचं जेवला असतास. आणि आता बघ, त्याच वर्गासाठी मी एका पोरीला तिच्या आईपासून ठेवून घ्यायला निघाले. ठेवू का नको? तुलाच माहीत आहे ते. सांग.

सरिता

*

धामणदरी
१८ नोव्हेंबर २००१

दादा,

जयभीम. तुझं पत्र आलं. दोन वर्षांनी आलं आणि काय आलं! पानंच्या पानं नुसता राग. वाचून मी ते चुलीत घालणार होते, मग ठेवून दिलं.

“तू तेच करायला निघालीस जे बांनी केलं.” हे तू लिहिलंस. बरं. तुझी शाळा होती औरंगाबादेकडं, आमचं घर मोहिनीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तू शंभर पोरांत राहिलास, ती माझ्या घरात राहणार, माझ्या ताटातलं खाणार. हे एकच आहे का? तुला सगळीकडं तुझंच दुःख दिसतं. आणि दादा, ज्या शाळेला शिव्या घालतोस तिच्यामुळंच तू आज खुर्चीवर बसून शिव्या घालून राहिलास, हेही कधी म्हणत जा. मायच्या तिसऱ्या दिवशी सगळ्या भावकीसमोर बांना म्हणालास, “तुमी मला शिकायला न्हाई, मिरवायला धाडलं.” म्हातारा तिथून उठला तो अजून त्या बोलण्यातून उठला नाही. आधी गावभर तुझं कौतुक सांगायचा, आता तुझं नाव निघालं की ओठ आवळून घेतो.

मी मोहिनीला ठेवून घेतलं आहे. मसाजीनंच परवा आणून सोडली. घोड्यांवर बिऱ्हाड लादलं होतं, कोंबड्या वर बांधलेल्या, प्रभू सगळ्यांत वर. सुभद्राबाईनं पोरीला न्हाऊमाखू घालून, चापूनचोपून वेणी घालून आणलं होतं. तिच्या हातात एक घोंगडी दिली आणि म्हणाली, “बाईचं ऐकत जाय.” एवढंच. मोहिनी रडली नाही. कळप पांदीतून दिसेनासा झाला तरी उभी होती, मग स्वतःच घरात आली.

मी विचारलेल्याचं तू उत्तर दिलंस, त्याबद्दल आभार. मी ते मानलं नाही.

सरिता

*

धामणदरी
२३ डिसेंबर २००१

दादा,
जयभीम.

इकडे सगळं छान आहे. मोहिनी फार गुणी पोरगी. सांगायच्या आत उठते, अंथरूण घडी करते, आपलं ताट आपण घासते. एकदाही हट्ट नाही. वर्गात सगळी गणितं बरोबर. राठोड साहेब येऊन बघून गेले, खूश झाले. म्हणाले, बाई, तुमी पोरीचं सोनं केलं.

बा तिच्याकडे बघत बसतात. तिच्यासाठी बाजारातून गोडी शेव आणली होती, तिनं “नको आजोबा” म्हणून परत दिली.

काल मी मुद्दाम फळ्यावर एक ढळढळीत चूक केली. सात नव्वे चौसष्ट लिहिलं. बाकीची पोरं ओरडली. मोहिनीनं ते तसंच उतरवून घेतलं. मी म्हणलं, “मोहिनी, बराबर आहे का गं?” म्हणाली, “बराबर आहे, बाई.”

थंडी फार पडली आहे यंदा. थंडीनं पोरं जरा सुस्तावतात.

सरिता

*

धामणदरी
२० जानेवारी २००२

दादा,

जयभीम. मोहिनी इथं नाही.

मागच्या शनिवारी वर्गात आली नाही. सकाळी मी निघाले तेव्हा अजून घोंगडीतच होती, मला वाटलं, अंगात कणकण असेल, बा आहेत घरी. संध्याकाळी घरी आले तर घराला कडी. शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, “तुमचे बा पोरीला घेऊन सकाळच्याच गाडीनं गेले की. घोंगडी बी होती संगं.” लोकाची पोर! मसाजीनं माझ्या भरवशावर सोडलेली. आणि वर्गात तिची जागा रिकामी. मी कोणाकोणाला विचारलं, काय काय मनात आणलं, ते तुला सांगत नाही.

बा सोमवारी एकटेच आले. धोतर गुडघ्यापर्यंत मळलेलं. मी दारातच सुरू केलं. “कोणाला विचारून नेली? मी सहा महिने जीव टाकून राहिले तिच्यासाठी, आणि तुमी एका सकाळीत सगळं मोडलं!” आणखी पुष्कळ बोलले. आपल्या बाला मी जन्मात असं बोलले नव्हते.

त्यांनी ऐकून घेतलं. खाली बसले. पटका सोडून मांडीवर ठेवला. म्हणाले, “सरे, ते लेकरू आपल्या घरात पाणी इचारून पेऊन राहिलं होतं.”

मी म्हणलं, “मग? वळण आहे तिला.”

“व्हय. म्या बी तेच म्हणलो होतो.”

मग ते बोलले, दादा. तुझ्याबद्दल. तुझं नाव घेऊन. मी जागची हलले नाही, हललं तर थांबतील अशी भीती वाटली. जसं बोलले तसं लिहिते.

“धम्मू पहिल्या दिवाळीला घरी आला. बॅग ठेवली, भिंतीला टेकून बसला. तुझी माय सैपाकात होती. तर हा उठून दारापाशी गेला अन् म्हणला, ‘मी पाणी घेऊ का?’ आपल्याच रांजणातलं. तुझ्या मायच्या हातातली भाकर तव्यातच राहिली. तिनं मला बाजूला घेतलं, म्हणली, लेकराला माघारी धाडू नका, लेकरू परकं झालं. म्या म्हणलो, तुला काय कळते, शिस्त लागली त्याला. अन् गावभर सांगत फिरलो, आमचं धम्मू पाणी बी इचारून पेते. लोकं बी म्हणले, वा! तिला कळलं होतं, सरे. मला न्हाई कळलं. म्या मिरवलोच.”

मांडीवरचा पटका नीट केला. मग म्हणाले, “ही पोरगी दोन महिने तसंच करून राहिली होती. म्या रोज बघत होतो. एकदा झालं तवा आणाय गेलो न्हाई. आता बी गप बसू का?”

दादा, मी रडले. उभ्या उभ्या रडले. तूही रडशील तर रड, तिथं कोण बघतं तुला.

कळप उमरखेडच्या बाजूला होता. तिथवर दोन गाड्या बदलून आणि मग काळ्या रानातून विचारत विचारत गेले, ते गुडघे घेऊन. सुभद्राबाईनं लेकीला बघितलं आणि आधी पाठीत एक धपाटा घातला, “काहून आलीस गं, मेले!” आणि मग अशी कवटाळली की सोडायचं नाव नाही. बा दोन रात्री तिथंच राहिले. सांगताना त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होतास. म्हणाले, “संध्याकाळी प्रभूच्या हातातली भाकर हिनं हिसकली. मायवर ओरडली, मला आधी वाढ म्हणून. ओरडून मागितलं, सरे! आपल्या घरी एकदा न्हाई ओरडली.”

तर तू लिहिलं होतंस ते खरं होतं. तुझ्या त्या पत्राचा मला अजून राग येतो, पण खरं होतं. तू औरंगाबादेत होतास आणि ती हाकेवर होती, याला काही अर्थ नव्हता. हाक मारायला पलीकडं कोणी नव्हतं ना.

पण मग आता मी काय करू? घर मिळालं तर वर्ग गेला. वर्ग ठेवला तर घर जातं. दोन्ही एकाच लेकराला मिळू नये, असा कोणाचा कायदा आहे? माझं डोकं चालत नाही. तुझ्या पुस्तकांतही याचं उत्तर नाही, मी शोधलं.

सरू

*

धामणदरी
१० मार्च २००२

दादा,
जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं मी बांना वाचून दाखवलं. तू तसं करू नको म्हणून लिहिलं नव्हतंस, म्हणून दाखवलं. ऐकून उठले आणि बैलाला पाणी पाजायला गेले. बैल केव्हाच पाणी पिऊन बसलेला होता.

आता मोहिनीचं. रस्ता बांनीच काढला. उमरखेडकडं असताना त्यांनी मसाजीला विचारलं होतं, तुमी तिकडंच काहून जाता? तो म्हणाला, शेतकरी बोलावतात, रानात मेंढरं बसवून घेतात खतासाठी, धान्य देतात. जिकडं बोलावणं तिकडं मेंढरांचा वाडा. बा म्हणाले, “मग आमच्या इकडून कोणी बोलावलं तर?” मसाजी हसला म्हणे. “इकडं तूर-कापूस निघाय पायजे, रान मोकळं व्हाय पायजे. अन् बोलावणार कोण?”

झालं. म्हातारा इथं येऊन गावोगाव फिरला. ज्यांच्या रानात जन्मभर सालदारकी केली, त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणाला, “तुमच्या रानात मेंढरं बसवा, खत होईल.” कोणी चहा पाजला, कोणी म्हणालं, अमृतराव, तुमाला काय पडलं हटकराच्या मेंढरांचं? ते म्हणायचे, “मला न्हाई, शाळेला पडलं.” तूर निघाली, कापूस वेचून झाला, तसं एकेकानं बोलावणं धाडलं. फेब्रुवारी लागता लागता मसाजी कळप घेऊन माघारी फिरला. आता आज ह्या गावच्या रानात, चार दिवसांनी त्या गावच्या, पण सगळं शनिवारी चालत येण्यासारखं.

रोजची शाळा तिची अजून अर्धी बुडते. उन्हाळा तोंडावर आला की पाण्यासाठी पुन्हा नदीकडं जातील, ते मला माहीत आहे. पुढल्या वर्षी बोलावणी लवकर धाडता येतात का, त्याचं बा आतापासून बघून राहिले आहेत. राठोड साहेबांना सगळं खरं सांगितलं, इतके शनिवार गैरहजर आहे, नाव काढायचं असेल तर काढा. म्हणाले, “त्या कोंबड्यावालीचं नाव मी काढू? राहू द्या.” आणि उघड्या दाराचंही सांगून टाकलं. त्यावर म्हणाले, ते मी आलो तेव्हाच बघितलं होतं.

काल मोहिनी आली. कडेवर प्रभू, अंगाला मेंढरांचा वास, पायाला धूळ. मी फळ्यावर वर्तुळ काढत होते. मागून आवाज आला, “बाई, तुमचं चुकलं.” खरंच चुकलं होतं, या वेळी मुद्दाम केलं नव्हतं. मी म्हणलं, “ये, तूच काढ.” तिनं भावाला माझ्या हातात कोंबला आणि खडू ओढून घेतला. मग त्यानं माझ्या पदराला नाक पुसलं.

आता शेवटचं, आणि हे नीट वाच.

बुधवारी जेवताना बा म्हणाले, “धम्मूच्या गावाला जायला गाडी कोणती?” मी घास हातात धरून बघत राहिले. “हिंगोलीहून पूर्णा, पूर्णेहून सिकंदराबाद, तिथून रात्रीची गाडी,” मी म्हणलं, “पण तुमाला कशाला?” म्हणाले, “लेकराला भेटाय.” तू छत्तीस वर्षांचा आहेस, दादा. मी म्हणलं, आधी पत्र टाकते, त्याला सवड आहे का विचारते. तर म्हणाले, “सवड इचारू नको. येऊन राहिला म्हणून सांग.”

२२ तारखेच्या शुक्रवारी निघतात, रविवारी सकाळी तुझ्याकडं पोचतात. मी सोबत येणार होते. नको म्हणाले, शनिवार बुडवू नको. आपल्या भावकीतल्या संतरामचा पोरगा सिकंदराबादेत कामाला आहे, तो त्यांना तिथल्या गाडीत बसवून देईल. पुढं ते एकटे. तेलुगू येत नाही, हिंदी जेमतेम, आणि कोणाला काही विचारायचं म्हणलं की त्यांना लाज वाटते. डोक्याला पांढरा पटका असेल, हातात माझी निळी पिशवी.

तुझ्याशी काय बोलायचं ते त्यांना ठरत नाही. मी मास्तरीण आहे ना, म्हणलं, चला, पहिलं वाक्य पाठ करून घेऊ. दोन दिवस बसवलं. “धम्मू, माझं चुकलं,” एवढंच. पहिल्या शब्दापर्यंत येतात, पुढं जीभ हलत नाही. मग मीच सोडून दिलं. तेव्हा बोलायचं तू. काहीही बोल, पण तू सुरुवात कर.

आणि गाडी येण्याच्या आधी स्टेशनवर जाऊन थांब. तो माणूस उतरेल आणि फलाटावर एका बाजूला बसून राहील, दिवसभर बसून राहील, पण कोणाला विचारणार नाही. वसतिगृहाच्या फाटकापाशी सुट्टीच्या दिवशी तूही असाच बसायचास, बाकीच्या पोरांचे बाप यायचे आणि आपला यायचा नाही, हे तू तुझ्या पत्रात लिहिलं होतंस. ते पान मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

त्यांना आणायला जा, दादा.

तुझी,
सरू